ऑरेंज, नारिंग, संत्रा : एका नावाच्या मुळांचा आढावा

नागपूरला ऑरेंज सिटी म्हणतात, पण ज्या फळामुळे हे नाव पडले ते काटेकोर अर्थाने ऑरेंज नव्हेच. अमरावती रस्त्यावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्याला ‘नागपूर मँडरिन’ म्हणतात. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते मात्र ‘नागपूर ऑरेंज’ या नावाने. काटोल-नरखेडचा बागायतदार ‘संत्रा’ म्हणतो, पुण्याचा ग्राहक ‘संत्रे’ म्हणतो. जुन्या मराठीत ‘नारिंग’ होते, ते आता बहुतेक रंगापुरते उरले आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यापुढे हा गुंता फार लवकर येतो. ‘ओ फॉर ऑरेंज’ हा धडा पहिल्याच पुस्तकात असतो, आणि चिनी भाषेत त्या जागी ठेवायला एक शब्द नाही. घट्ट सालीचे, सुरीने कापायचे किंवा रस काढायचे फळ म्हणजे ‘छंग’. ढिल्या सालीचे, नखाने सोलून फोडी सुट्या करायचे फळ म्हणजे ‘ज्यू’ किंवा ‘गान’. तिघांची लिपीचिन्हे वेगळी आहेत. शब्दकोशात ऑरेंजसमोर कधी छंग, कधी ज्यू लिहिलेले सापडते, आणि चित्र कोणत्या फळाचे काढावे हे चित्रकाराच्या मर्जीवर राहते. मराठी मुलाचीही स्थिती तीच आहे, फक्त त्याच्या लक्षात येत नाही. युरोपातला माणूस सकाळी ऑरेंजचा रस पितो तो आपल्या मोसंबीच्या कुळातल्या फळाचा. ‘ऑरेंज म्हणजे संत्रे’ हे समीकरण आपण पाठ केले आहे, पण ते अर्धेच खरे आहे.

या एका शब्दाच्या मुळांबद्दल आणि अर्थांबद्दल आज अभ्यासक कुठे येऊन थांबले आहेत, काय ठरले आहे आणि कशावर अजून वाद आहे, ते पाहू.

पश्चिमेकडची वाट

या प्रकरणातला सर्वांत निर्विवाद भाग म्हणजे शब्दाचा पश्चिमेकडचा प्रवास. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज ही साखळी सगळ्यांना मान्य आहे. अरबांनी हे झाड दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास सिसिली आणि स्पेनमध्ये रुजवले आणि नावही तिथे रुजले. स्पॅनिशमध्ये ते नारांखा झाले, हंगेरियनमध्ये नारांच, व्हेनिसच्या बोलीत नारान्झा. पोर्तुगीजांनी ‘न’चा ‘ल’ केला आणि लारांजा म्हटले. इटालियनमध्ये अरांचा आणि फ्रेंचमध्ये ओरांज होताना पहिला ‘न’ गळाला, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला.

गळालेल्या ‘न’बद्दल एक समजूत इंग्रजीच्या शिक्षकांमध्ये अजून फिरते. इंग्रजीत ‘अ नॉरेंज’ असे म्हणता म्हणता ‘अ‍ॅन ऑरेंज’ झाले, अशी ती आहे. ॲप्रन, अंपायर आणि ॲडर (एक साप) या शब्दांत खरोखर असे घडले. पूर्वी ते नॅप्रन, नंपायर, नॅडर असे होते आणि त्यांचा ‘न’ आधीच्या शब्दाला चिकटला. ऑरेंज मात्र या रांगेत बसत नाही. त्याचा ‘न’ इटालियन-फ्रेंचमध्येच, तिथल्या ‘उन’-‘उना’ या शब्दांना चिकटून गेला होता. इंग्रजांच्या हाती शब्द आला तो बिन-‘न’चाच. प्रक्रिया तीच, पण घर दुसरे. चिनी विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगताना एवढी दुरुस्ती करून सांगावी.

फ्रेंचमध्ये ‘न’ गेल्यावर मागे ‘अ’ राहायला हवा होता, तिथे ‘ओ’ आला. याचे कारण बहुतेक कोशकार ‘ओर’ म्हणजे सोने या शब्दाची ओढ असे देतात. फळ सोन्याच्या रंगाचे, म्हणून कानाने सोने ऐकले. मध्ययुगातल्या लॅटिन लेखकांनी याच ओढीने ‘औरांतियुम’ हा शब्द घडवला आणि पुढच्या पिढ्यांना तोच मूळ शब्द वाटू लागला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही व्युत्पत्ती दिसायला पटणारी पण पूर्ण चुकीची असल्याचे बजावले होते. गंमत अशी की दक्षिण चीनमधल्या कँटनी बोलीतही असेच झाले आहे. तिथे संत्र्याचा ‘गाम’ आणि सोन्याचा ‘गाम’ यांचा उच्चार एकच, म्हणून नववर्षाला घरोघर ही फळे देतात-घेतात. युरोपात आणि कँटनमध्ये परस्परांशी काही संबंध नसताना लोकांनी या फळात सोने ऐकले.

एक तपशील सहसा राहून जातो. अरबांनी नेलेले नारंज कडू-आंबट होते. गोड फळ युरोपात पोहोचले ते पंधराव्या-सोळाव्या शतकांत, आणि त्याच्या प्रसारात पोर्तुगीजांचा वाटा मोठा. आता या नव्या फळाला काय म्हणायचे, हा प्रश्न प्रत्येक भाषेने आपापल्या परीने सोडवला. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिशने जुनेच नाव गोड फळाला दिले आणि जुन्या फळाला ‘कडू’ हे विशेषण जोडले. इराणी लोकांनी नारंज कडूसाठी राखून ठेवले आणि गोड फळाला ‘पोर्तेकाल’ म्हटले. अरबीत बुर्तुकाल, तुर्कीत पोर्ताकाल, ग्रीकमध्ये पोर्तोकाली : सगळीकडे पोर्तुगालच. जर्मनांनी ‘आप्फेलझीन’ आणि डचांनी ‘सिनासआपल’ म्हटले, म्हणजे चीनचे सफरचंद. आपण त्याच गोड फळाच्या एका जातीला मोझांबिकवरून मोसंबी म्हणतो. नारंग ज्या देशातून निघाले असे मानतात, त्या देशातच गोड नारंगाला आफ्रिकेतल्या देशाचे नाव मिळाले.

नारंगाच्या मागे

संस्कृत नारंगपर्यंत रस्ता सरळ आहे. त्याच्या मागे गेले की धुके लागते.

संस्कृतात हा शब्द दोन रूपांत दिसतो, नारंग आणि नागरंग. अमरकोशात नागरंगाच्या जोडीला ‘ऐरावत’ असाही पर्याय दिला आहे. नाग म्हणजे हत्तीही, आणि ऐरावत हा तर हत्तींचा राजा. त्यामुळे हे फळ आणि हत्ती यांचा काही संबंध लोकांच्या मनात होता असे दिसते. पण तो शब्दाच्या जन्माच्या वेळचा की शब्द ऐकून मागाहून जोडलेला, हे कोशावरून कळत नाही. संत्री खाऊन हत्तीचे पोट फुटले आणि त्यातून झाडे उगवली अशी एक गोष्ट परदेशी पुस्तकांत नागरंगाचा उगम म्हणून आवडीने सांगितली जाते. ती गोष्ट म्हणून ठीक आहे. नागपूरकराला नागरंगातल्या नागात आपला नाग दिसण्याचाही मोह होतो. पण गोंड राजा बख्त बुलंद याने हे शहर वसवले १७०२ मध्ये, आणि अमरकोश त्याच्या हजार वर्षांहून अधिक आधीचा आहे.

गंभीर मत दुसरेच आहे. त्यानुसार नारंग हा मुळात संस्कृत शब्द नाही, तो दक्षिणेतून आला. तमिळमध्ये ‘नारत्तै’ आणि ‘नरंदम्’ हे लिंबूवर्गीय फळांचे शब्द आहेत, आणि ‘नरु’ या धातूचा संबंध सुगंधाशी आहे. मल्याळममध्ये ‘नारंगा’ हा शब्द आजही सर्रास चालतो, आणि तोही एका फळापुरता नाही. चेरुनारंगा म्हणजे लिंबू, मधुरनारंगा म्हणजे संत्रे. हॉब्सन-जॉब्सनमध्ये मद्रासच्या डॉ. अँडरसन यांचे एक निरीक्षण सर विल्यम जोन्स यांच्या लेखातून दिले आहे : ‘नर’ने सुरू होणारे बरेच तमिळ शब्द वासाशी निगडित आहेत. कोशकारांनी लगेच पुढे म्हटले की त्यातले बरेच शब्द आम्हाला पडताळता आले नाहीत. ही सावधगिरी अजून लागू आहे.

द्राविडी मूळ मानणाऱ्यांची बाजू आज वरचढ आहे, बहुतेक इंग्रजी कोश ‘बहुधा द्राविडी’ असेच लिहितात. त्यावर आक्षेप भूगोलाचा आहे. ही झाडे मूळची ईशान्य भारत आणि त्यापलीकडची. मग शब्द दक्षिणेचा कसा? फळाबरोबर पूर्वेकडून, कदाचित मुंडा किंवा तत्सम भाषांमधून, एखादा जुना शब्द आला असेल आणि तमिळ-संस्कृत दोघींनी तो घेतला असेल, अशी शक्यता काही अभ्यासक मांडतात. मला द्राविडी बाजूचे पुरावे जास्त ठोस वाटतात, कारण तिथे निदान एक जिवंत शब्दकुटुंब डोळ्यांसमोर आहे. पण ‘बहुधा’ हा शब्द काढून टाकण्याइतके ते ठोस नाहीत.

संत्रा : सिंत्रा की संगतरा?

इंग्रजी शब्दाच्या उगमापेक्षा आपल्या शब्दाचा उगम जास्त वादाचा आहे, आणि नागपूरच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच.

एक मत असे की संत्रा हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा या गावावरून आला. लिस्बनजवळचे हे गाव प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांनी अननस, पेरू, काजू अशी कितीतरी फळे आणि त्यांची नावे आपल्याकडे आणली, मग हेही का नसेल? शिवाय फळांना गावांची नावे पडणे नवे नाही. मोसंबी तर आहेच, पंजाबात-पहाडात गोड नारंगाला माल्टा म्हणतात, आणि इंग्रजीतले टँजरिन मोरोक्कोतल्या टँजियरचे. हे मत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांत रूढ होते आणि हिंदीच्या काही कोशांत अजून दिसते.

दुसरे मत फारसीकडे बोट दाखवते. ‘संगतरा’ हा शब्द फारसी-उर्दूत आहे आणि त्याची मोठी साक्ष म्हणजे बाबर. आपल्या आत्मचरित्रात त्याने हिंदुस्थानातल्या फळांची तपशीलवार यादी दिली आहे. नारंज, लिंबू, तुरुंज, गलगल, जंबीरी, सदाफळ, अमृतफळ अशा नावांमध्ये संगतराही आहे. बाबराचे हे लेखन १५२६ नंतरचे आणि १५३० मधल्या त्याच्या मृत्यूपूर्वीचे. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले १५१० मध्ये. दीड-दोन दशकांत गोव्यातला एक शब्द आग्र्याच्या बागांत पोहोचून तिथे नेहमीचा होणे फार अवघड. आणखी एक गोष्ट या मताच्या बाजूने आहे. पोर्तुगीज स्वतः त्या फळाला सिंत्रा म्हणत नाहीत, ते लारांजा म्हणतात. आपल्या गावाचे नाव त्यांनी परक्यांना द्यायचे आणि स्वतः वापरायचे नाही, असे का व्हावे?

हा युक्तिवाद जोरदार आहे, पण त्यात एक भोक आहे. बाबराने वर्णन केलेले संगतरा हे तुरुंजासारखे (महाळुंगासारखे) दिसणारे, गुळगुळीत सालीचे आणि त्याहून थोडे लहान असे फळ आहे. आजच्या नागपुरी संत्र्याशी ते जुळत नाही. म्हणजे शब्द पोर्तुगीजांआधीचा असला, तरी तो तेव्हा कोणत्या फळाचा होता हे ठरत नाही. नावे एका फळावरून दुसऱ्यावर उड्या मारतात, हे नारंजाच्या उदाहरणात पाहिलेच.

तिसरी दिशा पूर्वेची आहे. नेपाळीत या फळाला ‘सुन्तला’ म्हणतात, असमियात ‘सुमथिरा’. दोन्ही भाषक प्रदेश ज्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहेत तिथे ही फळे फार जुनी आहेत. संगतरा, संतरा, सुन्तला आणि सुमथिरा हे एकाच मुळाचे फाटे असतील, तर तो शब्द पश्चिमेकडून आला नसून पूर्वेकडून आलेला असणार, आणि फारसी रूप ही त्याची फक्त दरबारी पोशाखातली आवृत्ती ठरेल. या दिशेने ध्वनिबदलांची साखळी अजून कोणी पटेल अशी बांधलेली नाही. तरीही तिन्हींपैकी मला हीच वाट पुढे नेण्याजोगी वाटते. सिंत्राची व्युत्पत्ती मात्र आता सोडून द्यावी, असे म्हणायला पुरेसे कारण आहे.

मँडरिन आणि मंत्री

शास्त्रज्ञांच्या ‘नागपूर मँडरिन’मधला दुसरा शब्द चिनी विद्यार्थ्याला चकित करणारा आहे, कारण इंग्रजीत त्याच्या स्वतःच्या भाषेचेही नाव तेच आहे.

मँडरिन म्हणजे चिनी सम्राटाचा अधिकारी. चिनी लोकांत एक व्युत्पत्ती लोकप्रिय आहे : ‘मान दारेन’, म्हणजे मांचू साहेब, यावरून मँडरिन. ती ऐकायला चपखल आहे, पण मांचूंनी बीजिंग घेतले १६४४ मध्ये आणि पोर्तुगीज लेखनात ‘मांदारिम’ सोळाव्या शतकातच येतो. दुसरी व्युत्पत्ती पोर्तुगीज ‘मांदार’, म्हणजे हुकूम करणे, या क्रियापदाची. तिने शब्दाच्या रूपावर परिणाम केला असेल, पण मूळ ते नव्हे. आज सर्वमान्य मत असे की पोर्तुगीजांनी हा शब्द मलायातून उचलला. तिथे ‘मंतेरी’ म्हणजे दरबारातला मंत्री, आणि तो शब्द संस्कृतातल्या ‘मंत्रिन्’चा. म्हणजे चिनी भाषेच्या इंग्रजी नावामागे आपला मंत्री उभा आहे. चिनी लोक स्वतः आपल्या प्रमाणभाषेला ‘फुथुंगह्वा’ म्हणतात, हे ओघाने आलेच.

मंत्र्याचे नाव फळाला कसे मिळाले, यावर मात्र एकवाक्यता नाही. अधिकाऱ्यांच्या झग्याच्या रंगावरून, असे काही म्हणतात. इतरांच्या मते उत्तम प्रतीचे, मोठ्या माणसांना शोभणारे फळ म्हणून. दोन्ही तर्कच आहेत. फळाचे हे नाव युरोपीय भाषांत अठराव्या शतकात दिसू लागते, आणि प्रत्यक्ष झाड कँटनहून इंग्लंडमध्ये सर अब्राहम ह्यूम यांनी नेले ते १८०५ मध्ये.

पुण्याचे नाव चीनमध्ये?

कोणते नाव नेमके कोणत्या फळाचे, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राने सुटला असता तर बरे झाले असते. तसे झाले नाही. लिंबूवर्गीय झाडे एकमेकांशी सहज संकरित होतात, त्यामुळे जाती किती हेच ठरत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतले वॉल्टर स्विंगल यांनी १६ जाती मानल्या आणि जपानचे त्योझाबुरो तानाका यांनी १६२. आपल्या संत्र्याचे रूढ शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. फिलिपिन्समधले स्पॅनिश धर्मोपदेशक फ्रान्सिस्को मानुएल ब्लांको यांनी ते १८३७ मध्ये दिले.

चिनी वाचकाला ओळखीचे एक फळ आहे, इंग्रजीत पोंकान, चिनीत फंगगान. दक्षिण चीन, तैवान आणि जपानमध्ये ते फार लोकप्रिय आहे. अमेरिकन तज्ज्ञ रॉबर्ट हॉजसन यांनी १९६७ मध्ये लिंबूवर्गीय फळांवरच्या मोठ्या ग्रंथात नागपुरी संत्रा आणि पोंकान एकच मानले. तानाका यांच्या पद्धतीत पोंकानला स्वतंत्र जातीचा दर्जा आहे, आणि तिचे नाव आहे सिट्रस पूनेन्सिस, म्हणजे पुण्याची. जपानी पुस्तकांत पोंकानमधला ‘पोन’ हा ‘पूना’च, असे सांगितलेले आढळते.

दुसरी बाजू साधी आहे आणि म्हणूनच विचारात घेण्यासारखी. दक्षिण चीनच्या फूच्यान किनाऱ्यावर आणि तैवानमध्ये चालणाऱ्या होक्क्येन बोलीत ‘फाँग’ म्हणजे फुगलेले, आणि पोंकानची साल फोडींपासून सुटून फुगलेलीच असते. नागपुरी संत्र्याचीही तशीच. फुगलेला गान तो फाँगगान, एवढे सरळ कारण हाताशी असताना समुद्रापार पुण्याला जायची गरज काय, असा प्रश्न विचारता येतो. पुण्याच्या बाजूने शास्त्रीय नावाची प्रतिष्ठा आहे. होक्क्येनच्या बाजूने तो शब्द रोज वापरणाऱ्यांचा कान आहे. माझा कल कानाकडे आहे. पण पुण्याचे नाव लॅटिनमध्ये जाऊन बसले आहे, आणि नामकरणाच्या नियमांत व्युत्पत्ती चुकली म्हणून नाव रद्द होत नाही.

जनुकशास्त्राने अलीकडे एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट केली. २०१८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार लिंबूवर्गाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी झाला. गोड नारंग, म्हणजे मोसंबीचे कूळ, हे पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आलेले. पण त्याच अभ्यासाने हेही दाखवले की लागवडीतल्या बहुतेक मँडरिनमध्येही पपनसाचा थोडाफार अंश आहे. म्हणजे छंग आणि ज्यू, मोसंबी आणि संत्रे यांच्यातली भिंत हाताने सोलताना जितकी पक्की वाटते, तितकी पेशीत पक्की नाही. ऑरेंज हा एकच शब्द दोघांना वापरणारे इंग्रज अगदीच चुकले, असेही म्हणता येत नाही.

रंग आणि राजघराणे

फळाच्या नावावरून रंगाचे नाव, हा क्रम इंग्रजीत स्पष्ट आहे. फळ येण्याआधी इंग्रजांकडे त्या रंगाला स्वतंत्र नाव नव्हते, पिवळा-लाल अशा जोडशब्दावर काम भागत असे. रंगाच्या अर्थाने ऑरेंज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कापडाच्या नोंदींत दिसू लागतो. चिनी भाषेतही छंग-रंग आणि ज्यू-रंग असे दोन्ही प्रयोग चालतात. मराठीत मात्र एक वेगळीच फारकत झाली. फळाने नारिंग हे नाव टाकून संत्रा घेतले आणि रंग नारिंगीच राहिला. म्हणून नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइनला नारिंगी मार्गिका म्हटले तर त्यात संत्रा ऐकू येत नाही. शिवाय आपल्याकडे केशरी आणि भगवा हे शेजारी आहेत, त्यामुळे नारिंगीच्या वाट्याला थोडीच जागा येते.

नेदरलँड्सचे ऑरेंज घराणे हा आणखी एक फसवा धागा. दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावाचे जुने नाव अराउसिओ, त्याचा फळाशी संबंध नाही. तिथले संस्थान १५४४ मध्ये या घराण्याच्या विल्यमकडे वारसाने आले, नंतर उच्चार जुळला म्हणून घराण्याने रंगही घेतला. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीला नाव मिळाले ते या घराण्यावरून. चिनी विद्यार्थ्याने तिथे संत्र्याच्या बागा शोधू नयेत.

नागपुरात कधी?

शेवटी आपल्या घरचा प्रश्न. नागपुरात संत्रा रघुजी भोसल्यांनी आणला आणि तो औरंगाबादहून आणला, हे जवळजवळ प्रत्येक लेखात सांगितलेले असते. कोणत्या रघुजींनी, यावर मात्र मतभेद आहेत. अठराव्या शतकाचा उल्लेख येतो, पण पहिले रघुजी १७५५ मध्ये वारले आणि दुसऱ्या रघुजींची कारकीर्द १८१६ पर्यंत चालली. दोघांच्या काळातले अंतर थोडे नाही. औरंगाबादला तो कुठून आला हा प्रश्न त्याच्या मागेच उभा आहे. मोगल सुभ्याच्या बागांतून उत्तरेकडून आला असेल, तर ‘संत्रा’ हे फारसी वळणाचे नाव का आणि ‘नारिंग’ का नाही, याचा उलगडा होतो. पश्चिम किनाऱ्यावरून आला असेल, तर सिंत्रावाल्यांना थोडा दिलासा मिळेल. भोसल्यांच्या आणि निजामाच्या काळातल्या बागांच्या हिशेबांत, मोडीत आणि फारसीत, हे फळ कोणत्या नावाने लिहिले आहे, हे पाहिल्याशिवाय यातले काहीच पुढे सरकणार नाही.

इंग्रजी नाव चिकटले ते बहुधा रेल्वेमुळे. मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला १८६७ मध्ये पोहोचला आणि फळाला दूरची बाजारपेठ उघडली. इंग्रज ग्राहकाला ऑरेंज हाच शब्द माहीत होता. पुढे वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत आणि मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत बागा पसरल्या, आणि पाटीवर ऑरेंज, बोलण्यात संत्रा, संशोधनपत्रिकेत मँडरिन अशी तीन नावे सोबत नांदू लागली. पंजाबातला किन्नू आल्यावर त्यात भर पडली. किन्नू हा कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे हॉवर्ड फ्रॉस्ट यांनी किंग आणि विलो लीफ या दोन मँडरिनांचा केलेला संकर, १९३५ मध्ये लागवडीसाठी दिलेला. त्याची साल घट्ट असते, पण शास्त्रज्ञांच्या लेखी तोही मँडरिनच, आणि बाजारात ऑरेंज म्हणून तोही विकला जातो. फळविक्रेत्याला ‘ऑरेंज द्या’ म्हटले तर तो आधी विचारतो, ‘संत्रा की किन्नू?’ शब्दकोशांनी चिनी विद्यार्थ्याला हाच प्रश्न पहिल्या पानावर विचारायला हवा.